चामडी पट्ट्यावरच्या पितळेला दर पावसाळ्यात येणारा हिरवा थर : निदान आणि उपाय

नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प परिसरात तोफखान्याशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेक घरांत आजोबांचा किंवा पणजोबांचा चामडी पट्टा, पितळी बिल्ले, पदके आणि एखादा लोकरी कोट जपून ठेवलेला असतो. अशा वस्तू वारशाने जपणारे असोत किंवा छंद म्हणून जमवणारे असोत, त्यांची एक तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात पट्टा स्वच्छ केला, त्याला तेल लावले, पितळ लख्ख घासले आणि सगळे ट्रंकेत नीट ठेवले. गणपती झाल्यावर ट्रंक उघडली, तर बक्कल जिथे चामड्याला टेकते नेमक्या त्याच जागी हिरवा, मेणचट थर पुन्हा आलेला असतो. तो पुसला की जातो, पुढच्या वर्षी परत येतो, आणि बहुधा आधीपेक्षा जास्त येतो.

याचा दोष सहसा पावसाला दिला जातो. पावसाळी हवेचा यात वाटा आहे, परंतु तेवढ्याने हा थर तयार होत नाही. त्याचा कच्चा माल आपण स्वतः मे महिन्यात पुरवतो, आणि तो म्हणजे चामड्याला लावलेले तेल. पावसाळ्याआधीची बेगमी म्हणून प्रेमाने केलेली ही देखभालच दर वर्षी थराला खाद्य देते. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचू लागतात. ती ध्यानात आली नाही, तर कितीही उत्तम पॉलिश वापरले तरी उपयोग होत नाही.

थर तयार कसा होतो

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चामडे मऊ राहावे म्हणून कमावताना त्यात चरबी आणि तेले मुरवलेली असतात, आणि वापरणाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे त्यावर आणखी काही ना काही चोळलेले असते: लष्करात डबिन (चरबी, तेल आणि मेण यांचे मलम), घरी खोबरेल, कुठे एरंडेल, कुठे बुटांचे पॉलिश. ही तेले ताजी असताना तांब्याला फारसा त्रास देत नाहीत. मात्र काळ, ओलावा आणि बुरशी यांच्यामुळे तेलाचे रेणू फुटतात आणि त्यांतून स्निग्धाम्ले मोकळी होतात. ही आम्ले तांब्याशी संयोग पावली की जो पदार्थ बनतो, तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने साबणाच्याच कुळातला असतो. साध्या साबणात सोडियम असते, इथे तांबे असते, म्हणून रंग हिरवा किंवा निळसर हिरवा आणि स्पर्श मेणासारखा. ताक किंवा चिंचेचे सार कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पट्ट्याच्या बक्कलाखाली हेच घडते, फक्त आम्ल ताकाचे नसून तेलाचे असते आणि घडायला एका रात्रीऐवजी काही महिने लागतात.

या म्हणण्याची खातरजमा आपल्याच संग्रहात करता येते. दुसऱ्या महायुद्धातील १९३७ च्या नमुन्याचा सुती पट्टा आणि जाड चामड्याचा सॅम ब्राउन पट्टा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींवर पितळ आहे, दोन्ही एकाच ट्रंकेत आणि एकाच हवेत राहिले आहेत. तरीही सुती पट्ट्यावरचे पितळ बहुधा फक्त तपकिरी पडलेले दिसते आणि चामड्यावरचे हिरवे झालेले. हवा समान असताना फरक पडतो, तो तेलामुळेच. सॅम ब्राउन पट्ट्यात हा त्रास विशेष जाणवतो, कारण त्याची रचनाच तशी आहे. १८५८ च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याने तलवारीचे म्यान अंगाला स्थिर राहावे म्हणून तो योजला. जाड चामड्यात घट्ट शिवलेल्या पितळी कड्या, आकडे आणि खुंट्या यांनी तो भरलेला असतो, आणि त्यांतली प्रत्येक जागा अशी आहे की जिथे धातूची पाठ चामड्यात रुतलेली असते आणि फडके पोहोचत नाही.

आता मे महिन्यातच तेल लावण्याची इच्छा का होते, याचाही विचार केला पाहिजे. नाशिकची हवा एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अत्यंत कोरडी असते. चामड्याचा लवचिकपणा केवळ तेलावर अवलंबून नसतो. त्याच्या तंतूंत हवेतून मुरलेल्या पाण्याच्या अंशावरही तो अवलंबून असतो. हवा कोरडी झाली की हा अंश कमी होतो, पट्टा ताठ वाटू लागतो आणि आपण समजतो की त्याला तेल हवे आहे. जून सरता सरता तोच पट्टा काहीही न लावता पुष्कळसा मऊ पडला असता. आपण मात्र तोवर त्याला तेल पाजलेले असते, त्यावर दमट हवेचे तीन-चार महिने येतात आणि बंद ट्रंकेत बुरशीला अनुकूल वातावरण मिळते. बुरशी स्वतः तेल फोडणारी पाचकद्रव्ये सोडते, त्यामुळे स्निग्धाम्ले मोकळी होण्याचा वेग वाढतो. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला, जिथे पाऊस शहरापेक्षा कितीतरी अधिक पडतो, तिथे हा त्रास जास्त असणे स्वाभाविक आहे. सिन्नर किंवा निफाडच्या कोरड्या पट्ट्यात तो कमी असतो, पण तेल भरपूर लावले असेल तर तिथेही चुकत नाही.

हिरवे दिसणारे सगळे एक नसते

उपचाराला हात घालण्यापूर्वी निदान करणे आवश्यक आहे, कारण पितळावर आणि तांब्यावर येणारे हिरवे थर अनेक प्रकारचे असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो. यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात: थर कुठे आहे, दात कोरण्याच्या लाकडी काडीने हलकेच टोकरल्यावर तो कसा लागतो, आणि काढल्यानंतर तो किती दिवसांत परत येतो.

थर फक्त चामड्याच्या स्पर्शाच्या जागी असेल, काडीने लोण्यासारखा मऊ निघत असेल आणि परत यायला काही महिने घेत असेल, तर तो वर सांगितलेला तांब्याचा साबण होय. तो पाहायला किळसवाणा असला तरी तुलनेने सौम्य आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य तक्रारी याच प्रकारच्या असतात.

थर फिकट हिरव्या भुकटीसारखा असेल, ठिपक्या-ठिपक्यांनी उगवत असेल, खाली धातूला खड्डा पडलेला दिसत असेल आणि पुसल्यानंतर दमट हवेत काही दिवसांतच त्याच जागी परत येत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. धातूच्या आत क्लोराइडचे क्षार शिरले आहेत, आणि हवेतला ओलावा मिळाला की ते तांब्याला आतून खात राहतात. नाशिक समुद्रापासून दूर असल्यामुळे हा प्रकार इथे मुळातून कमी दिसतो. परंतु मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावरून विकत आणलेल्या वस्तूंत, जमिनीत पुरलेल्या अवस्थेत सापडलेल्या वस्तूंत आणि अनेक वर्षांच्या घामाने भिजलेल्या बक्कलांत तो आढळतो. शंका असेल तर धातूचा सुटा भाग एका झाकणाच्या डबीत, ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी पण त्याला न टेकता, एक दिवस ठेवून पाहावा. नवे टवटवीत हिरवे ठिपके उमटले, तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत आणि तो भाग इतर संग्रहापासून वेगळा, सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या खड्यांसह) कोरड्या डबीत ठेवून संवर्धकाचा सल्ला घ्यावा. या रोगावर वापरली जाणारी काही रसायने आरोग्याला अपायकारक आहेत. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर हाताळण्याजोगी नाहीत.

तिसरा प्रकार पदकांत दिसतो. पदक स्वस्त, मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या खिशात अनेक वर्षे ठेवलेले असते आणि त्यावर चिकट, हिरवट ओशट पातळ थर पसरतो. हे प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असते. ते जुने होताना त्यातून आम्ल सुटते आणि त्याला मऊ ठेवणारा तेलकट द्रवही बाहेर पाझरतो. दुसऱ्या महायुद्धातील ‘इंडिया सर्व्हिस मेडल’सारखी तांबे-निकेलची पदके यात विशेष खराब होतात. खिसा पीव्हीसीचा आहे किंवा नाही हे ओळखण्याची जुनी रीत अशी: तांब्याची तार तापवून प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवावी आणि तीच तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्यावरच करावी, कारण निघणारा धूर छातीला वाईट असतो. अर्थात चाचणी करण्यापेक्षा तसे सगळेच खिसे टाकून देणे अधिक सोपे आहे.

अक्षरांच्या खाचांत अडकलेला पांढरट-हिरवा खडा हा गंज नसून मागच्या वेळच्या पॉलिशचा अवशेष असतो. आणि संपूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरलेला, कठीण, पातळ, तपकिरी किंवा काळपट हिरवा थर ही धातूने स्वतःभोवती धरलेली साय आहे. ती धातूचे रक्षण करते, तिला हात लावू नये.

जुनी जीप बाळगणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो: बॅटरीच्या तारांवर जमणारा निळसर थर गंधकाम्लामुळे येतो, त्याला पुढील उपचार लागू होत नाही. तार सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी आणि कोरडी करावी.

थर काढण्याची पद्धत

कामाला हात लावण्यापूर्वी पट्ट्याची पुढची, मागची आणि प्रत्येक कडीची छायाचित्रे घ्यावीत. चामड्यावर दाबलेले क्रमांक, कारखान्याचे शिक्के, वर्ष, सरकारी मालकीचा रुंद बाण, शाईने लिहिलेले नाव, यांची वहीत नोंद करावी. स्वच्छतेच्या उत्साहात पुसट शाई कायमची जाते आणि तिच्याबरोबर वस्तूचा अर्धा इतिहास जातो.

जे भाग सुटे होतात ते सुटे करावेत. सॅम ब्राउन पट्ट्यातील काही खुंट्या मळसूत्राच्या असतात, त्या सहज निघतात. कोटाची पितळी बटणे पुष्कळदा मागे कडी घालून अडकवलेली असतात, ती कडी सरकवली की बटण हातात येते. शिवलेली आणि रिव्हेट मारलेली जागा मात्र उसवू नये. जुना दोरा एकदा गेला की परत येत नाही, आणि नवा कितीही जुळवला तरी नवाच राहतो.

पहिला टप्पा कोरडा असतो. बांबूची काडी चाकूने चपटी तासून घ्यावी आणि तिने मेणचट थर हळूहळू उचलून कागदावर जमा करावा. लोखंडी सुई, ब्लेड किंवा तारेचा ब्रश वापरू नये, कारण थर मऊ आहे आणि पितळही फार कठीण नाही. ओरखडा राहतो तो कायमचा. हातमोजे घालावेत, निघालेला थर फुंकून उडवू नये आणि कागदासकट गुंडाळून टाकावा. बहुतेक वेळा नव्वद टक्के काम या काडीनेच होते, आणि घाई न करणाऱ्याला पुढच्या टप्प्याची गरजही फारशी भासत नाही.

काडी जिथे पोहोचत नाही तिथे रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन वापरावे. काडीच्या टोकाला थोडा कापूस गुंडाळावा, तो द्रवात बुडवून कागदावर टिपून घ्यावा आणि जेमतेम ओलसर बोळ्याने फक्त धातू पुसावा. बोळा हिरवा झाला की फेकून नवा घ्यावा; तोच फिरवत राहिल्यास थर निघण्याऐवजी पसरतो. चामड्याला हा द्रव लागता कामा नये, कारण तो चामड्यातली तेले आणि रंग विरघळवून डाग पाडतो. शिवलेल्या कडीच्या मागे काम करताना मध्ये पॉलिएस्टरच्या फिल्मचा तुकडा सरकवून चामडे झाकावे. सैनिक गणवेशाची बटणे चमकवताना कापड खराब होऊ नये म्हणून बटणांखाली ‘बटन स्टिक’ नावाची पितळी पट्टी सरकवत असत, त्यामागचा हेतू हाच होता. काम खिडकीजवळ करावे, आणि त्या खोलीत गॅस, उदबत्ती किंवा निरांजन पेटते नसावे.

चिंच, लिंबू, ताक, दही आणि भांडी उजळण्याच्या पावडरी यांच्याबद्दल स्पष्ट सांगणे भाग आहे. नाशिक ही तांब्या-पितळेच्या भांड्यांची जुनी पेठ, त्यामुळे पितळ दिसले की चिंच लावण्याची सवय आपल्या हाताला आहे. रोज वापरायच्या भांड्यासाठी ती योग्यच आहे. संग्रहातील बिल्ल्यावर मात्र आम्ल जस्ताला आधी खाते. तांबे मागे उरते आणि पितळावर गुलाबी छटा येते. ती छटा घालवण्यासाठी मग आणखी घासावे लागते. शिवाय आम्लाचा अंश खाचेत आणि चामड्यात राहून पुढच्या हिरव्या थराची तयारी करतो.

द्रवरूप धातू-पॉलिशबद्दलही माझे मत तितकेच ठाम आहे. सेवेत असलेल्या जवानाने बक्कल चमकवणे हा त्याच्या शिस्तीचा भाग आहे, आणि त्या चमकेचा मला मनापासून आदर आहे. परंतु वस्तू संग्रहात आली की तिच्यावरचे अक्षर, तिची झीज आणि तिचा रंग यांना चमकेपेक्षा अधिक मोल येते. पॉलिशमधील बारीक कण प्रत्येक वेळी धातूचा थर काढतात. अधिकाऱ्यांच्या बटणांवरील सोन्याचा मुलामा त्यामुळे उडतो, आणि पदकाच्या कडेवर कोरलेले नाव व क्रमांक पुसट होत जातात, जे त्या पदकाला एका विशिष्ट माणसाशी जोडणारे एकमेव साधन असते.

याखेरीज अनेक पॉलिशांत अमोनिया असतो, आणि अमोनिया व ताण पडलेले पितळ यांचे वैर हिंदुस्थानातील लष्करानेच फार पूर्वी अनुभवले आहे. ब्रिटिश काळात इथे घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे त्या तड्यांना नावही ऋतूवरून पडले. खरे कारण १९२१ मध्ये उलगडले: नळी ओढून घडवताना पितळात उरलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया. दमट हवेत हे दोन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यांत फाटते. ठशात दाबून काढलेले पातळ बिल्ले आणि त्यांच्या मागच्या वाकवलेल्या कड्या यांत असाच ताण साठलेला असतो. वर्षानुवर्षे पॉलिश केलेल्या बिल्ल्याची कडी एके दिवशी काही जोर न लावता तुटते, तेव्हा तिथे हेच घडले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून अमोनियाचे कोणतेही द्रावण, काच पुसण्याचे द्रवसुद्धा, या वस्तूंजवळ आणू नये.

पुन्हा येऊ नये म्हणून

थर काढणे हे या कामातले सोपे अंग आहे. तो परत न येण्यासाठी तेल, ओलावा आणि धातू-चामड्याचा थेट स्पर्श या तिघांपैकी निदान दोन गोष्टी तोडल्या पाहिजेत.

तेल बंद करावे. संग्रहालयांतील संवर्धक आज चामड्याला तेल किंवा डबिन लावण्याचे साधारणपणे टाळतात. त्यामुळे चामडे टिकते असे दिसून आलेले नाही. उलट ते काळवंडते, चिकट होते, धूळ धरते आणि धातूला खाते. ज्या पट्ट्यावर आधीच भरपूर तेल आहे, त्यावर कधी कधी पांढुरका थर येतो आणि तो बुरशी समजून पुसला जातो. लांबून, अगदी कोमट हवा दिली असता तो वितळून नाहीसा झाला, तर ती बुरशी नसून आतून वर आलेली चरबी आहे, म्हणजेच पट्ट्याला तेल जास्त झाल्याची खूण आहे. मऊ कोरड्या फडक्याने ती टिपून घ्यावी. एका वेगळ्या रोगाची नोंदही इथे हवी: जुन्या, वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्याची लालसर पूड बोटाला लागत असेल, तर ते चामडे प्रदूषित हवेतील गंधकाच्या वायूंमुळे आतून कुजले आहे. त्याला तेल लावल्यास ते आणखी काळे आणि ठिसूळ होते. तसा पट्टा मुळीच वाकवू नये. आडवा, आधार देऊन ठेवावा.

स्पर्श तोडण्यासाठी स्वच्छ केलेल्या धातूच्या पाठीवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात विकसित झालेले ‘रेनेसाँ वॅक्स’ हे याच जातीचे मेण, आणि ते आपल्याकडेही मागवता येते. मेण फक्त धातूला लावावे. मेण वाळल्यावर धातू आणि चामडे यांच्यामध्ये पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचा तुकडा, कडेने दिसणार नाही इतका कापून, सरकवावा. छपाईच्या दुकानात मिळणाऱ्या पारदर्शक शीट पॉलिएस्टरच्या असतील तर चालतात. परंतु काही जुन्या शीट अॅसिटेटच्या असतात आणि त्यांना कालांतराने व्हिनेगरचा वास येऊ लागतो. तसा वास येणारी शीट घेऊ नये, कारण ते आम्लच आहे. सुटे केलेले भाग शक्यतो परत अडकवूच नयेत. लेबल लावून वेगळ्या डबीत ठेवावेत आणि प्रदर्शनाच्या वेळी तेवढे जोडावेत.

ओलाव्याचा प्रश्न साठवणीचा आहे. माळ्यावरची लोखंडी ट्रंक ही सगळ्यांत वाईट जागा, कारण ती दिवसा तापते, रात्री गार पडते, आणि दमट दिवसांत तिच्या आत पाणी धरते. त्याऐवजी रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्यावा आणि तो घराच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून उंच ठेवावा. नवे प्लायवूड आणि एमडीएफ यांतून आम्लाच्या वाफा निघत राहतात, म्हणून त्यांचे बंद कपाट टाळावे. पट्टा धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावा. डांबराच्या गोळ्या कसरीपासून लोकर वाचवतात, ओलाव्यापासून नाही. त्या पट्ट्याच्या डब्यात घालण्याचे काही कारण नाही. कडुनिंबाचा ताजा पाला तर स्वतःच पाणी घेऊन येतो.

डब्यात छोटा आर्द्रतामापक असावा. स्वस्त मापक पुष्कळदा चुकीचा आकडा दाखवतात, पण त्यांची परीक्षा घरी घेता येते. मीठ पाण्याने जेमतेम भिजवून चिखलासारखे करावे, छोट्या झाकणात भरून मापकासह घट्ट पिशवीत रात्रभर ठेवावे. आत ७५ टक्के आर्द्रता असायला हवी. मापक जितका चुकेल तितकी दुरुस्ती मनाशी धरावी. चामड्यासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीचा धोका सुरू होतो, आणि फार खाली गेल्यास चामडे आक्रसते. म्हणूनच भट्टीतून काढलेले कोरडे सिलिका जेल चामड्याच्या डब्यात थेट घालू नये. ते हवा गरजेपेक्षा कोरडी करते.

इथे नाशिकच्या हिवाळ्याचा उत्तम उपयोग होतो. दिवाळीनंतर घरातील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिरावली की सिलिका जेल ताटात पातळ पसरून दोन आठवडे त्या खोलीत उघडे ठेवावे. ते तिथल्या हवेशी समतोल साधते आणि नंतर बंद डब्यात घातल्यावर तीच आर्द्रता टिकवून धरण्याचा प्रयत्न करते: बाहेर दमट झाले तर जादा ओलावा घेते, कोरडे झाले तर थोडा सोडते. यासाठी रूढ प्रमाण दर घनमीटरला २० किलो असे आहे, म्हणजे २० लिटरच्या डब्याला सुमारे ४०० ग्रॅम. पुड्या दोन चिमटीच्या असून भागत नाही, याचे कारण हेच.

यावरून देखभालीचे वेळापत्रकही बदलते. वर्षातली मुख्य सफाई मे महिन्यात नव्हे, तर दिवाळीनंतर ते माघापर्यंतच्या कोरड्या, थंड दिवसांत करावी. मे महिन्यात पट्टा ताठ वाटला तरी त्याला वाकवू नये आणि काही लावूही नये. पावसाळ्यात डबा उगाच उघडू नये; मापकाचा आकडा बाहेरून दिसेल असा तो ठेवला म्हणजे झाले.

दसरा मात्र पावसाळ्याच्या शेपटावरच येतो, आणि खंडेनवमीला किंवा दसऱ्याला शस्त्रांबरोबर आजोबांचा पट्टा व पदके पुजण्याची रीत अनेक घरांत आहे. ती सोडावी असे मी कधीच म्हणणार नाही. एवढेच करावे की वस्तू पाटावर स्वच्छ कापडावर मांडावी, हळद-कुंकू, गंध आणि झेंडूची फुले तिच्यासमोर वाहावीत, थेट धातूवर किंवा चामड्यावर नकोत. निरांजनाचे तेल आणि ओवाळताना पडणारे थेंब यांपासून थोडे अंतर राखावे. पूजा झाल्यावर त्याच दिवशी कोरड्या मलमलीने पुसून वस्तू डब्यात परत ठेवावी. तोफखान्याचा बिल्ला पुजणाऱ्या घरांत ही काळजी अधिक घ्यावी, कारण त्यावरील बारीक अक्षरांच्या खाचांत कुंकू बसले की ते काढताना अक्षर झिजते.

एवढे केल्यावरही पहिल्या वर्षी कडीच्या मुळाशी हलकी हिरवी रेघ दिसू शकते. ती उपाय फसल्याची खूण नसते. चामड्यात आधीपासून मुरलेले तेल हळूहळू बाहेर येत असते आणि त्याला काही काळ लागतो. कोरड्या दिवसांत काडीने ती उचलावी, फिल्म बदलावी आणि मेणाचा हात पुन्हा द्यावा. दर वर्षी रेघ बारीक होत गेली, तर दिशा योग्य आहे. ती तितकीच राहिली, तर घरात कोणी प्रेमाने गुपचूप तेल लावत नाही ना, हे विचारून घ्यावे. वडीलधाऱ्या माणसांना कारण नीट समजावून सांगितले की ते आनंदाने थांबतात. आणि रेघेऐवजी फिकट भुकटीचे ठिपके येऊ लागले, धातूला खड्डे पडले किंवा मुलामा सुटू लागला, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा यांसारख्या ठिकाणच्या जाणकारांकडे विचारणा करावी, आणि जाताना सुरुवातीची छायाचित्रे व वहीतल्या नोंदी सोबत न्याव्यात.